गमबूट पुरेसे आहेत

“नंबर किती, साहेब?”

“आठ. तीस वर्सांपासून आठच हाये.”

“मंग उभे राहा.”

गावंडे साहेब खुर्चीत बसूनच पाय पुढे करायच्या बेतात होते. शकुनने स्टोअरच्या फरशीवर कोरा कागद पसरला होता आणि ती त्याच्यापाशी उकिडवी बसली होती, हातात शिसपेन्सिल घेऊन.

“उभं काहून?”

“बसून घेतलेलं माप खोटं असते. अंगाचा भार पडला का पाय पसरते.”

साहेब कुरकुरत उठले. मोजा काढलेला पाय त्यांनी कागदावर ठेवला. शकुनने पेन्सिल सरळ धरून टाचेपासून रेघ ओढायला सुरुवात केली. पाय गोरा होता, मऊ होता, टाचेला एक भेग नव्हती. बारा वर्षे बचाव पथकाचे साहित्य खरेदी करणाऱ्या माणसाचा पाय होता तो, आणि त्याला कधी चिखल लागला असेल असे वाटत नव्हते. पेन्सिल करंगळीपाशी आली तेव्हा तिला तिथे जुने कुरूप दिसले.

“साडेआठ,” ती म्हणाली. “आठचा घालता म्हनून करंगळीवर घासते.”

दाराशी उभ्या असलेल्या सागरकडे पाहून साहेब हसले. “पाह्य रे सागर, बाईनं पायाचं पोस्टमार्टम करून टाकलं.”

सागर हसला नाही. शकुनने कागदाची घडी घातली. घडी वाकडी पडली. तिने ती उलगडून पुन्हा घातली, या वेळी काठाला काठ जुळवून.

“उद्या सकाळी आठ वाजता, साहेब. तलावावर. तुमच्या मापाचे बूट मी घेऊन येतो.”

“येतो ना. मी काय भेतो का?” साहेबांनी मोजा चढवला. “त्या नव्या संचालक मॅडमलेबी समजू दे, गमबुटात काई वाईट नाई म्हनून. हे पोट्टे उगीच नखरे करतेत.”

ते गेल्यावर सागरने दार लोटून घेतले. बाहेर राजापेठेत ट्यूशनची पोरे सुटली होती. हॉर्नच्या कलकलाटात त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला.

“वहिनी, दोर मी धरतो उद्या.”

“नाई,” शकुन म्हणाली. “दोर मी धरतो.”

*

अभयदीप बचाव संस्थेची दोन केंद्रे होती, एक अमरावतीला आणि एक अकोल्याला. पूर आला, विहीर खचली, कोणी धरणात वाहून गेले की पथकाची गाडी निघायची. शकुनचा नवरा योगेश बोटीवर होता. सात वर्षे होता. माणूस अबोल, पण पाण्यात उतरला की वेगळाच. सागर त्याचा जोडीदार.

तीन वर्षांपूर्वी जुलैत मोर्शीच्या खालच्या अंगाला एका नाल्याला पूर आला. वावरातल्या पंपघराच्या स्लॅबवर एक कुटुंब अडकले होते. बोट बाभळींत अडकली, तेव्हा योगेश कमरेला दोर बांधून छातीएवढ्या पाण्यातून चालत गेला. आधी म्हातारीला आणले, मग तिच्या सुनेला. तिसऱ्या खेपेला राहिली होती पाच-सहा वर्षांची पोरगी. लहान मापाचे जाकीट पथकाकडे नव्हतेच. त्याने स्वतःचे काढून तिला घातले, पट्टे दोनदा गुंडाळले, कमरेचा दोर सोडून तिला बांधला आणि डोक्यावरून तिला काठाकडून पुढे झालेल्या सागरच्या हातात दिली. काठ चार हातांवर होता. तेवढ्यात त्याचा पाय गाळात गेला.

“पाय निघून नाई राहिला,” तो म्हणाला होता. सागरने हे शकुनला पुढे कितीतरी वेळा सांगितले, कारण तिने कितीतरी वेळा विचारले. तो ओरडला नव्हता. स्कूटर सुरू होत नाही हे सांगावे तसे त्याने सांगितले होते. मग वरून पाण्याचा लोंढा आला.

“किती वेळ?” तिने विचारले होते.

“वहिनी, सोडा ना आता.”

“किती वेळ, भाऊ?”

“हात दिसे. तीस सेकंद असन. पोट्टीचा दोर सोडवूस्तोवर…”

संध्याकाळी दोन वळणे खाली तो सापडला. दोन्ही गमबूट पायांत होते, गुडघ्यापर्यंत गाळाने भरलेले. ते विळ्याने चिरून काढावे लागले.

आठ दिवसांनी संस्थेचा अहवाल आला. मृत कर्मचारी जीवरक्षक जाकीट न घालता व दोर सोडून पाण्यात थांबले. अपघात त्यांच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. पुरवलेले साहित्य योग्य दर्जाचे होते. खाली सही, खुशालराव गावंडे, साहित्य अधिकारी.

पोरीचे नाव अहवालात नव्हते. पोरगीच नव्हती.

हा कागद योगेशच्या आईला, जमुनाबाईला, अकोल्याकडच्या गावात कोणीतरी वाचून दाखवला. म्हातारीने मळ्यात भाजीपाला करून एकटीने पोरगा वाढवला होता. तिने ऐकले आणि ती मेलेल्या पोरावर चिडली. दिवसकार्यातही बडबडत होती, “लहानपनापासून असाच. सांगतलं तर ऐकेच नाई. जाकीट घालाले काय झालं होतं मेल्याले?” त्यानंतर तीन वर्षे तिने त्याचा फोटो भिंतीवर लावला नव्हता. ट्रंकेत पालथा घालून ठेवला होता. शकुनने समजावले, सागर जाऊन बोलून आला. पण कागदावर सही-शिक्का होता, आणि म्हातारीचा त्यावर विश्वास होता.

संस्थेने शकुनला स्टोअरमध्ये नोकरी दिली. साहित्य पुसायचे, मोजायचे, फळीवर लावायचे. ती मोर्शीची, माहेर संत्र्याच्या बागेतले, कामाला वाघ. पोरगी आकांक्षा आठवीत होती तेव्हा. दोघींनी राजापेठेत एक खोली घेतली.

नोकरीच्या पाचव्या महिन्यात जुन्या फाइलींना वाळवी लागली म्हणून तिने कपाट रिकामे केले. तिथे तिला योगेशचे अक्षर दिसले. एक नव्हे, तीन अर्ज. गमबूट वरून उघडे असल्याने पाण्यात भरतात. गाळात पाय निघत नाही. कृपया पथकास लेस असलेले बूट द्यावेत. तिसऱ्या अर्जाची तारीख तो गेला त्याच्या अकरा दिवस आधीची होती. तिन्हींवर गावंडे साहेबांच्या हिरव्या शाईने एकच शेरा, एकाच वळणाचा : गमबूट पुरेसे आहेत. दप्तरी दाखल.

ती तिथेच फरशीवर बसली. रडू आले नाही. त्याऐवजी छातीत काहीतरी घट्ट बसले, आणि मग ते अडीच वर्षे हलले नाही.

ती तेव्हाच्या संचालकांकडे गेली. त्यांनी अर्ज पाहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, बाई, गेलेला माणूस परत येतो का? तुम्हाला नोकरी दिली आहे, पोरीचं शिक्षण पाहा. परत येताना जिन्यात तिला कळले की कागद हे गावंडे साहेबांचे वावर आहे. तिथे ते तिला कधीच जिंकू देणार नाहीत. त्यांना कागदावरून खाली आणायला हवे होते, पाण्यात.

मग तिने बुटांचा अभ्यास सुरू केला.

दर रविवारी ती मोर्शीला जायची. भावाच्या बागेत शेततळे होते, त्याच्या कडेला काळ्या मातीचा गाळ. कमरेला दोर, दोर सागरच्या हातात, आणि पायात दर वेळी वेगळे पादत्राण. भाऊ आधी हसला, मग घाबरला, मग काही म्हणेनासा झाला. तिने वही ठेवली. चामड्याचा बूट पाणी पितो, दोन तासांत जड होतो, रात्रभर वाळत नाही. सँडल पाण्यात बरी, पण बाभळीचा काटा बाजूने शिरतो. बोटांवर लोखंडी टोपी असलेला बूट मलब्यावर चांगला, पाण्यात नांगर. खूप खोल खाचांचा तळ डोंगरावर धरतो. काळी माती मात्र त्या खाचांत भरते आणि दहा पावलांत पायाचे ढेकूळ होते. गमबूट साप-विंचवाला बरा, ओलिताला बरा, घोट्याच्या वर पाणी नसेल तिथेच बरा. पाणी वरून शिरले की तो बादली होतो, आणि गाळ बादली सोडत नाही.

शेवटी तिच्या हाती लागला तो कॅनव्हासचा, घोट्याच्या वर येणारा, लेस घट्ट बांधता येणारा बूट. तळ जाड, खाचा रुंद आणि उथळ. दाभण तापवून तिने त्याच्या दोन्ही बाजूंना भोके पाडली. आत आलेले पाणी पुढच्या पावलाला बाहेर फेकले जाई. तो घालून ती गाळातून शेततळे ओलांडून गेली, परत आली, पुन्हा गेली. भावाच्या बायकोने काठावरून विचारले, “वन्सं, हे कोनासाठी करून राहिल्या तुमी?”

खरी उत्तरे दोन होती. पथकातल्या पोरांसाठी, हे एक. दुसरे तिने कधी कोणाला सांगितले नाही.

*

जूनमध्ये नव्या संचालक आल्या. साधना काळमेघ. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणे थोडे. पहिल्याच बैठकीत त्यांनी पथकाच्या बुटांचा विषय काढला. टेबलावर पाच जोड्या मांडायचे काम शकुनचे होते. तिने मांडल्या आणि भिंतीला लागून उभी राहिली.

“गमबूटच, मॅडम,” गावंडे साहेब म्हणाले. “बारा वर्सांचा अनुभव हाये माझा. पुरेसे हायेत.”

तो शब्द ऐकून शकुनने हात पाठीमागे बांधले.

मॅडमनी अचानक तिच्याकडे पाहिले. “तुम्ही रोज हे साहित्य हाताळता. तुमचं काय मत आहे?”

“ती काय सांगन, मॅडम?” साहेब हसले. “स्टोअर झाडते ती.”

पाच-सहा जण हसले. शकुनने खाली मान घातली. या क्षणाची तिने वाट पाहिली होती. साहेबाला वरिष्ठांसमोर कमीपणा सोसवत नाही हे तिने तीन वर्षे रोज पाहिले होते.

“मले काई कळत नाई, मॅडम,” ती हळू आवाजात म्हणाली. “साहेबाईलेच कळते. पन पोट्टे भेतेत गमबुटाले. साहेबाईनं एक डाव सोता घालून, पान्यात उतरून दाखवलं, तर त्यायचं भेव जाईन.”

मॅडमनी पेन खाली ठेवले. “चांगली कल्पना आहे. ज्याने मंजूर करायचं त्याने आधी घालून पाहायचं. मीही येते. गावंडे, तुमची हरकत?”

साहेबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिले. “हरकत कायची, मॅडम?”

चाचणी ऑगस्टमध्ये ठरली, तलाव भरल्यावर.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी खोलीवर आकांक्षा पोळ्या लाटत होती. आता ती अकरावीत होती, बापासारखी उंच निघाली होती. शकुन चाचणीचा दोर मांडीवर घेऊन हातभर हातभर तपासत होती.

“आई, उद्या काय करनार हायेस तू?”

“दोर धरनार.”

“बस, तेवढंच?”

“तेवढंच.”

आकांक्षाने लाटणे थांबवले. “त्याले काई झालं तर तू जेलात जाशीन. मंग मी कोनाकडं जाऊ?”

“त्याले जाकीट हाये,” शकुन म्हणाली. “मीच घालून देनार हावो. पट्टे मीच आवळनार.” आणि मग थोडे थांबून, “तुह्या बापापाशी नव्हतं.”

पोरगी पुन्हा लाटू लागली. तव्यावरची पोळी मात्र त्या दिवशी करपली.

*

पाझर तलावाच्या सांडव्याखाली एक रुंद डबके होते. पाणी संथ, रंग चहासारखा, तळाशी काळा गाळ. पथकाची अकरा पोरे काठावर उभी होती. मॅडम पॅन्ट दुमडून दगडावर उभ्या होत्या. ऊन पडले होते आणि सांडव्यावरून पाण्याची बारीक धार गळत होती.

शकुनने साहेबांना जाकीट घातले. तीनही पट्टे आवळले, बोट घालून सैल आहे का पाहिले. कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग साडेआठचे गमबूट समोर ठेवले. साहेबांनी ते घातले आणि दोनदा पाय आपटले.

“लोन्यासारखे बसले,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले.

“समोरच्या लाल झेंडीपासून परत यायचं, साहेब,” शकुन म्हणाली. “वीस पावलं हायेत.”

पहिली सात-आठ पावले छान गेली. पाणी पोटऱ्यांपर्यंत होते. साहेब मागे वळून हसलेसुद्धा. “पाहा रे, पाय कोरडा हाये!”

नवव्या पावलाला पाणी गुडघ्याच्या वर गेले. बुटाच्या तोंडातून ते आत शिरताना हवेचे बुडबुडे आले, लग्नातल्या हंड्यात तांब्या बुडवावा तसा आवाज आला. साहेबांचे हसणे थांबले. त्यांनी आणखी चार पावले टाकली, प्रत्येक आधीच्यापेक्षा सावकाश. पाणी छातीशी आले. तिथे त्यांनी वळायचा प्रयत्न केला. अंग वळले, पाय वळले नाहीत. ते बाजूला कलंडले, जाकिटाने त्यांना वर ढकलले आणि गाळाने खाली धरले. तोंडावर पाण्याची लाट आली.

“ओढ रे!” ते ओरडले. “सागर, ओढ!”

सागरने शकुनकडे पाहिले. दोर तिच्या हातात होता, ढिला.

एक, ती मनात म्हणाली. दोन.

“सागर! पाय… अरे, पाय निघून नाई राहिला!”

सागर दोन पावले पुढे आला. हेच शब्द त्याने तीन वर्षांपूर्वी ऐकले होते. शकुनने ते बुडत्या माणसाच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकले, आणि माणूस भलताच होता. सात. आठ. तिला सगळे स्पष्ट दिसत होते : साहेबांचे डोळे, पाण्यावर आपटणारे हात, एका हातातले घड्याळ.

“काय झालं?” मॅडमनी काठावरून विचारले. “ओढा त्यांना!”

बारा. तेरा. साहेबांच्या नाकातोंडात पाणी गेले. ते खोकले, खोकता खोकता आणखी पाणी गिळले. आता त्यांना दोर कोणाच्या हातात आहे हे दिसले. सतरा.

“बाई,” ते म्हणाले. “बाई, ओढा ना वं.”

या आवाजाचे तिने स्वप्न पाहिले होते. तो ऐकून आनंद होईल असे तिला वाटले होते, आणि खरोखरच झाला. भर उन्हात थंड पाणी प्यावे तसा झाला. एकवीस. बावीस. योगेश असा कोणाला म्हणाला नव्हता. त्याला म्हणायला वेळच मिळाला नव्हता.

मॅडम तिच्या दिशेने धावत निघाल्या. सव्वीस. एका पोराने दोराला हात घातला. तिने नुसते त्याच्याकडे पाहिले आणि त्याने हात काढला. अठ्ठावीस. एकोणतीस.

“तीस,” ती मोठ्याने म्हणाली आणि ओढले.

पण दोराने काम झाले नाही. कंबर पुढे येत होती, पाय गाळातच होते. ते तिला माहीत होते. “सागर, उतर,” ती म्हणाली. सागरच्या पायात तिने भोके पाडलेले कॅनव्हासचे बूट होते. तो झपाझप गाळ तुडवत गेला, खाली बुडी मारली, साहेबांचे पाय एकेक करून बुटांतून उपसून काढले आणि त्यांना काखेत धरून काठावर आणले. बूट खालीच राहिले.

गावंडे साहेब काठावर पालथे पडून ओकले. मग उठून बसले. एका पायात मोजा होता, दुसरा उघडा. शकुन दोर गुंडाळत गुंडाळत त्यांच्यासमोर आली आणि वाकली.

“पुरेसे हायेत का, साहेब?”

साहेबांनी तोंड पुसले.

“मी इचारून राहिली. पुरेसे हायेत का?”

“नाई,” ते म्हणाले. पोरांनी ऐकले, मॅडमनी ऐकले.

मॅडम तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “तुम्ही दोर का ओढला नाही?”

“मोजून राहिली होती, मॅडम. माहा मानूस तीस सेकंद होता.” तिने पिशवीतून तीन अर्जांच्या झेरॉक्स काढल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. “त्याच्यापाशी जाकीट नव्हतं. ते त्यानं एका पोट्टीले देल्लं होतं.”

मॅडमनी उन्हात उभ्या राहून तिन्ही वाचले. हिरव्या शाईवर त्यांची नजर बराच वेळ थांबली. मग त्या म्हणाल्या, “अहवाल पुन्हा उघडते. बूट तुमचे येतील, दोन्ही केंद्रांना.” आणि एक श्वास घेऊन, “पण माझ्या पथकाचा दोर तुमच्या हातात पुन्हा द्यायची नाही मी. कळलं?”

“कळलं, मॅडम. बरोबर हाये तुमचं.”

*

आठवड्याने गावंडे साहेब स्टोअरमध्ये आले. दाढी वाढली होती. चपला घालून आले होते. हातात नव्या अहवालाचा कागद होता, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला. मॅडमनी तसाच मागितला होता. स्टोअरमध्ये एकच खुर्ची होती. शकुन तिच्यावर बसली होती आणि उठली नाही.

तिने कागद वाचला. अपघात कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाला नाही. पुरवलेले गमबूट पूरस्थितीत अयोग्य होते. याबाबत कर्मचाऱ्याने तीन वेळा लेखी कळवले होते. तिने दुसऱ्यांदा वाचला आणि परत दिला.

“जाकीट कोनाले देल्लं, ते नाई हाये याच्यात.”

“ते… ते लिहावं लागते का?”

“लिहा.”

टेबलावर नवे बूट रचले होते. साहेबांनी उभ्यानेच भिंतीला कागद टेकवला आणि लिहिले. भिंतीवर पेन नीट चालत नव्हता, तो त्यांनी दोनदा झटकला. शकुन अक्षरे उमटताना पाहत होती. जाकीट व दोर त्यांनी एका लहान मुलीस दिले व तिचा जीव वाचवला.

“बाई,” साहेब कागदाकडे पाहतच म्हणाले, “रात्री झोप नाई लागत मले. पाय आखडतेत. माह्याकडून जे झालं… मले माफ—”

“तारीख टाका,” शकुन म्हणाली.

त्यांनी तारीख टाकली. ती त्यांना दारापर्यंत सोडायलाही गेली नाही. ते गेल्यावर ती नव्या बुटांचे खोके उघडू लागली, आणि पाचव्या-सहाव्या खोक्यानंतर तिचे हात आपोआप थांबले. उद्या सकाळी उठून कोणाकडे पाहायचे, कोणाच्या सवयी लक्षात ठेवायच्या, हे तिला उमजेना. तीन वर्षे जो माणूस रोज डोक्यात होता तो दारातून बाहेर गेला होता, आणि त्या जागेत आता योगेश येऊन बसला होता. नुसता योगेश, पूर नाही, अहवाल नाही. शेंगा सोलून दाणे आधी पोरीच्या हातावर ठेवणारा. तिने दाराला आतून कडी घातली. मग ती रडली, पहिल्यांदाच. बाहेर गाड्या हॉर्न देत होत्या, म्हणून बरे.

*

तिची बदली अकोल्याच्या केंद्रात झाली. आकांक्षाने कॉलेज संपेपर्यंत मोर्शीला मामाकडे राहायचे ठरले. सामान हलवून झाल्यावर पहिल्या रविवारी शकुन सासरच्या गावी गेली.

जमुनाबाई मळ्यात होती. भेंडी तोडायला आली होती, आणि म्हातारी हाताला फडके गुंडाळून ओळीतून वाकत वाकत चालली होती. सुनेला पाहून ती थांबली नाही.

“आलीस? त्या बाजूनं धर. उद्या बाजार हाये.”

“आत्याबाई, एक कागद वाचून दाखवतो.”

“कायचा? पुन्हा त्याचाच? आयकला मी तो.”

“हा दुसरा हाये.”

म्हातारी सरळ झाली, कमरेवर हात ठेवून. शकुनने उभ्या उभ्या वाचले, सावकाश, एकेक ओळ. शेवटची ओळ वाचून झाली. म्हातारी म्हणाली, “ते खालचं आखरीचं पुन्हा वाच.”

शकुनने वाचले.

“म्हंजे जाकीट होतं त्याच्यापाशी.”

“होतं, आत्याबाई.”

“घातलंबी होतं.”

“हो.”

जमुनाबाईने हाताचे फडके सोडले, झटकले, पुन्हा गुंडाळले. तिची गाठ बसत नव्हती. शकुन पुढे झाली आणि तिने ती बांधून दिली. पाटात पाणी सोडलेले होते. ते दोघींच्या पावलांमधून वाहत पुढच्या ओळीत शिरत होते.

“पोट्टी केवढी होती?”

“पाच-सहा वर्सांची असन.”

म्हातारीने मनात काहीतरी जुळवले. “म्हंजे आता तिसरी-चौथीत असन,” ती म्हणाली आणि भेंडीवर वाकली.

शकुन ओळीच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिने पदर खोचला. दोघी समोरासमोर, एकमेकींकडे न पाहता, ओळीच्या टोकापर्यंत तोडत गेल्या.